तक्ता येतो, पण बटणं चालत नाहीत
घणसोलीच्या तुमच्या सोसायटीच्या पानावर मेन्टेनन्सचा तक्ता लोड होतो, पण त्यातली बटणं दाबून काहीच होत नाही, असं तुम्ही लिहिलंय. सर्व्हरमागे लागू नका. इनरएचटीएमएलने (जावास्क्रिप्टमधून पानात मजकूर भरायची सोय) टाकलेल्या मजकुरातला स्क्रिप्ट टॅग, म्हणजे बटणं चालवणारा कोड ज्यात असतो तो भाग, ब्राउझर चालवतच नाही, तसा नियमच आहे. जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीचं लोड (दुसऱ्या पत्त्यावरचा मजकूर आणून पानात भरणारं फंक्शन) वापरत असाल तर आणखी एक मेख आहे: यूआरएलनंतर सिलेक्टर (त्या पानाचा कोणता भाग हवा ते सांगणारी खूण) लिहिला की स्क्रिप्ट आधीच गाळल्या जातात, न लिहिल्यास चालतात. क्रिएटएलिमेंट या जावास्क्रिप्टच्या आज्ञेने नवा स्क्रिप्ट टॅग बनवून जोडा. अशा जोडलेल्या बाहेरच्या स्क्रिप्ट फायली चालताना क्रम पाळत नाहीत, म्हणून त्या एकमेकींवर अवलंबून असतील तर असिंक फॉल्स (क्रमानेच चालव, ही सूचना) द्याच. मला विचाराल तर क्लिकचा हँडलर (क्लिक झाल्यावर चालणारा कोड) तक्त्याबाहेरच्या, न बदलणाऱ्या डिव्हवर (पानातल्या चौकटीवर) लावणंच उत्तम. तक्ता कितीदा नव्याने आला तरी बटणं चालतील.