एक्स-फाइल्समधला बेसबॉलचा भाग: क्रिकेटवाल्याने काय समजून घ्यावं?

फुलटॉस:
द एक्स-फाइल्स (एफबीआयचे एजंट मल्डर आणि स्कली यांची अमेरिकन मालिका) पहिल्यापासून पुन्हा लावली आहे. सहाव्या सीझनच्या १९व्या भागापाशी, 'द अननॅचरल'पाशी गाडी अडली. गोष्ट कळली, मजाही आली, पण अर्धे संदर्भ डोक्यावरून गेले. क्रिकेटचे आकडे पाठ आहेत, बेसबॉलच्या नावाने शिमगा.

सुरुवातीला मल्डर शनिवारी ऑफिसात बसून १९४७च्या पेपरातले बेसबॉलचे तक्ते वाचत असतो. त्या तक्त्यांत एवढं काय असतं? मल्डरला जुनी गोष्ट सांगणारा आर्थर डेल्स आधीच्या भागात दुसऱ्याच म्हाताऱ्याने केला होता ना? रोझवेल ग्रेज नावाचा संघ खरंच होता का? त्याचा खेळाडू जॉश एक्सली मोठ्या लीगला का टाळतो, हे परग्रहवासी असण्यापलीकडे पटत नाही. आणि शेवटी मल्डर स्कलीला बॅट फिरवायला शिकवतो, ते तंत्र बरोबर आहे की नुसतं गुलुगुलु?

स्पॉयलर बिनधास्त द्या.

जुनीकॅसेट:
डेल्सचं कोडं आधी सोडवतो, कारण तिथे सगळेच अडखळतात.

पाचव्या सीझनमधल्या 'ट्रॅव्हलर्स'मध्ये आणि सहाव्यातल्या 'अग्वा मला'मध्ये म्हातारा डेल्स डॅरेन मॅकगॅव्हिनने केला. तो एफबीआयचा निवृत्त एजंट. 'द अननॅचरल'मध्येही मॅकगॅव्हिनच होता, पण चित्रीकरण सुरू झाल्यावर त्याला पक्षाघाताचा झटका आला. मग एम. एमेट वॉल्शला घेतलं आणि संहितेत वाट काढली: हा त्या डेल्सचा भाऊ, त्याचंही नाव आर्थर, बहिणीचंही आर्थर आणि घरातल्या गोल्डफिशचंही आर्थर. हा विनोद म्हणजे निव्वळ गरजेतून मारलेलं ठिगळ आहे, पण इतकं बेमालूम की मूळ कापड वाटावं.

गोंधळ वाढतो तो पुढे. तरुण डेल्स 'ट्रॅव्हलर्स'मध्येही फ्रेडरिक लेन आणि इथेही फ्रेडरिक लेनच. तिथे तो एफबीआयचा, इथे न्यू मेक्सिकोतल्या रोझवेल गावचा पोलीस. म्हणजे चेहरा एक, माणसं दोन. म्हणून क्रम असा ठेवा: 'ट्रॅव्हलर्स', मग 'अग्वा मला', मग हा. मधली परग्रहवाल्यांची लांबण माहीत नसली तरी अडत नाही. फक्त ब्रायन थॉम्पसनने केलेला बाउंटी हंटर, म्हणजे परग्रहवासी मारेकरी, कोण, एवढं माहीत हवं. तो कुणाचंही रूप घेऊ शकतो हे ठाऊक नसेल तर शेवटची वीस मिनिटं कळणार नाहीत.

डेव्हिड डुकॉव्हनीने हा भाग लिहिला आणि दिग्दर्शितही केला. मालिकेतलं त्याचं हे पहिलंच दिग्दर्शन. शीर्षकगीत उडवून पुढे जाऊ नका: नेहमीच्या घोषवाक्याऐवजी तिथे 'इन द बिग इनिंग' असं येतं.

तिसरापंच:
तक्त्याबद्दल. त्याला बॉक्स स्कोअर म्हणतात. तो रुळवला हेन्री चॅडविकने; माणूस जन्माने इंग्रज आणि आधी क्रिकेटचा वार्ताहर. त्यामुळे क्रिकेटचं स्कोअरकार्ड वाचणाऱ्याला तो पाच मिनिटांत येतो.

प्रत्येक फलंदाजापुढे चार रकाने बघायचे: अॅट बॅट, रन, हिट, आरबीआय. समजा एखाद्यापुढे ४-२-३-५ लिहिलंय. चार वेळा फलंदाजीला आला, दोनदा स्वतः सगळे बेस (मैदानातले टप्पे) फिरून घरी, म्हणजे होम प्लेटवर आला, तीन फटक्यांवर बेस मिळवला आणि त्याच्या फटक्यांमुळे एकूण पाच धावा झाल्या. इथे क्रिकेटवाला हमखास फसतो. 'रन' म्हणजे त्याने काढलेल्या धावा नाहीत, तो स्वतः किती वेळा होम प्लेटवर पोचला तो आकडा. दुसरी फसगत सरासरीत. इथे सरासरी म्हणजे हिट भागिले अॅट बॅट. वरच्या उदाहरणात ३ भागिले ४, म्हणजे .७५०. आणि चार 'बॉल' मिळून फुकट बेस मिळाला, तर ती खेप अॅट बॅटमध्ये धरतच नाहीत. अख्ख्या हंगामात .३०० म्हणजे उत्तम, .४०० म्हणजे दंतकथा.

खाली नऊ इनिंगची ओळ आणि शेवटी तीन आकडे: धावा, हिट, चुका. चुकांना अधिकृत रकाना देणारा खेळ म्हणून मला बेसबॉल आवडतो. आपल्याकडे सुटलेला झेल फक्त समालोचकाच्या तोंडी राहतो.

मल्डर हे वाचतो कारण त्या चिंचोळ्या तक्त्यावरून अख्खा सामना डोळ्यांसमोर मांडता येतो. मात्र त्याला खरा धागा मिळतो तो पेपरातल्या फोटोत: डेल्स, एक्सली आणि शेजारी बाउंटी हंटर.

आता एक्सली मोठ्या लीगला का टाळतो ते. १८८४ साली मोझेस फ्लीटवूड वॉकर टोलेडोकडून खेळला, त्यानंतर मोठ्या लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना दार बंद. कागदावर नियम नव्हता, मालकांचं आपसांत ठरलेलं. ते दार उघडलं १५ एप्रिल १९४७ला, ब्रुकलिन डॉजर्सच्या जॅकी रॉबिन्सनने. ५ जुलैला क्लीव्हलंडकडून लॅरी डोबी. त्या अख्ख्या वर्षात असे खेळाडू मोजून पाच. त्यातल्या प्रत्येकाचा फोटो, गाव, शाळा, आईबाप सगळं पेपरात. ज्याला आपण कोण हे लपवायचंय त्याला हे परवडणारं नाही. स्काउट (मोठ्या लीगसाठी खेळाडू हेरणारे) आले की तो मुद्दाम हुकतो, ते याचसाठी. उलट कृष्णवर्णीयांच्या गावोगाव बसने हिंडणाऱ्या संघांची नोंद गोऱ्यांचे पेपर धड ठेवतच नसत. लपायला याहून चांगली जागा नाही. परग्रहवासी त्या काळी नेमका काळा माणूस का होतो, याचं उत्तर पटकथेने असं परिस्थितीतच मुरवलंय. कुणी भाषण देत नाही.

डावरा:
तिसरापंच यांना +१. नावांचं मी सांगतो. रोझवेल ग्रेज काल्पनिक. पण होमस्टेड ग्रेज हा पिट्सबर्गकडचा खराखुरा आणि दादा संघ. त्याचा जॉश गिब्सन 'काळा बेब रूथ' म्हणून ओळखला जाई. तो २० जानेवारी १९४७ला वारला, रॉबिन्सनच्या पदार्पणाच्या तीन महिने आधी. एक्सलीचं नाव जॉश आहे ते उगाच नाही. निग्रो लीगचे, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगचे, आकडे २०२४मध्ये अधिकृत नोंदींत मिळवल्यावर कारकिर्दीच्या सरासरीत गिब्सन .३७२वर पहिला आला, टाय कॉब .३६७वर दुसरा.

आता बॅटिंगची शिकवणी. मल्डर सांगतो ते सूत्र, आधी कंबर मग हात, शंभर टक्के बरोबर. कोणताही प्रशिक्षक पहिल्या दिवशी हेच सांगेल. क्रम असा. पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, गुडघे सैल, वजन मागच्या पायावर, हात मागच्या खांद्याजवळ. चेंडू सुटताना पुढचा पाय वीतभर पुढे. पुढची टाच टेकली की मागची कंबर पिचरकडे (चेंडू टाकणाऱ्याकडे) वळते, मागचा पाय चवड्यावर फिरतो. या क्षणी हात अजून मागेच असतात. कंबर आणि खांदे यांच्यात जो पीळ पडतो, त्याच्या जोरावर बॅट येते. हात आधी सुटले की बॅट शरीरापासून लांबून वळसा घेत येते, अंगाजवळच्या चेंडूला उशीर होतो आणि फटका जमिनीवरून लोळत जातो.

क्रिकेटवाल्याची खोड वेगळी. त्याची बॅट उभी येते, पुढचं कोपर वर. इथे स्टंप वाचवायचे नाहीत. चेंडू ज्या चौकटीतून जायला हवा तो स्ट्राइक झोन ४३ सेंटिमीटर रुंद, गुडघ्यापासून छातीपर्यंत. बॅट आडवी आणि शेवटी किंचित चढती हवी, कारण पिचर उंचवट्यावरून टाकतो आणि चेंडू उतरत येतो. तो उंचवटा आज १० इंच आहे, १९६९च्या आधी १५ इंचांपर्यंत असे. लेग ग्लान्स, लेट कट विसरा, मागे गेलेला चेंडू फाउल.

फक्त एक. दोघांनी मिळून एकच बॅट धरली तर मागच्याची कंबर पुढचीला अडते, पीळ पडतच नाही. तरी पडद्यावर चेंडू आकाशात. तेव्हा सूत्र खरं, प्रात्यक्षिक गुलुगुलु. तुमची शंका रास्त आहे.

फुलटॉस:
सगळ्यांचे आभार. एक उपप्रश्न: चेंडू टोलवण्याआधी स्कली मल्डरकडून विचार करू नकोस वगैरे ऐकते. ताशी १४५ किमीच्या चेंडूला विचार करायला वेळ असतो का? आणि होमरनच्या (थेट कुंपणापार गेलेल्या फटक्यांच्या) विक्रमाचं वेड १९९९मध्ये एवढं का?

डावरा:
पिचर ते होम प्लेट १८.४४ मीटर. पण तो पाऊल टाकून पुढून चेंडू सोडतो, म्हणजे उरतात सतरा मीटरच्या आतबाहेर. १४५ किमीला साधारण ०.४ सेकंद. बॅट फिरवायलाच त्यातला बराच भाग जातो. तेव्हा विचार आधी करायचा, चेंडू सुटल्यावर फक्त ओळखायचा. सरावाच्या पिंजऱ्यात मशीनचा वेग यापेक्षा पुष्कळ कमी असतो, त्यामुळे स्कलीला तेवढी घाई नाही.

तिसरापंच:
१९९८चा हंगाम आठवा. बेब रूथचे ६० होमरन १९२७चे, रॉजर मॅरिसचे ६१ १९६१चे. तो आकडा ३७ वर्षं टिकला आणि १९९८मध्ये मार्क मॅकग्वायरने ७०, सॅमी सोसाने ६६ मारले. अख्खा देश रोज आकडे मोजत होता. पुढच्याच एप्रिलमध्ये, २५ तारखेला, हा भाग लागला. उत्तेजक द्रव्यांची लफडी नंतर बाहेर आली. आज बघताना एक्सलीच्या अंगातलं हिरवं द्रव जरा वेगळंच वाटतं, पण तो दोष डुकॉव्हनीचा नाही.

गोफणगुंडा:
रोझवेलचा खरा धागा कुणी सांगितलाच नाही! जो बाउमन. रोझवेल रॉकेट्सचा डावखुरा फर्स्ट बेसमन. १९५४मध्ये लाँगहॉर्न लीगमध्ये १३८ सामन्यांत ७२ होमरन, सरासरी .४००, आरबीआय २२४. आधीचा मायनर लीगचा (मोठ्या लीगखालच्या लीगचा) विक्रम ६९चा, दोघांच्या नावावर होता. बाउमनने शेवटच्या दिवशी, ५ सप्टेंबरला, आर्टिझियात एकाच दिवशीच्या दोन सामन्यांत मिळून तीन मारले आणि ६९वरून ७२वर गेला. बॅरी बाँड्सने २००१मध्ये ७३ मारेपर्यंत व्यावसायिक बेसबॉलमध्ये एका हंगामात याहून जास्त कुणीच मारले नव्हते. आणि हा गडी मोठ्या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही, रोझवेलमध्ये पेट्रोल पंप चालवायचा. होमरन मारला की प्रेक्षक जाळीच्या भोकांतून डॉलरच्या नोटा सरकवत, खेळाडू कडेकडेने फिरून गोळा करी. एक्सलीची गोष्ट याच मातीतून उगवली आहे. २००२पासून मायनर लीगमध्ये सर्वाधिक होमरन मारणाऱ्याला बाउमनच्या नावाने बक्षीस देतात, दर होमरनला २०० डॉलर.

डावरा:
बाउमन मोठाच, पण हवेचा वाटा विसरू नका. रोझवेल समुद्रसपाटीपासून सुमारे १,०९० मीटरवर. हवा दहाएक टक्के विरळ, म्हणून १२० मीटरचा फटका सहाएक मीटर जास्त जातो. कुंपणाशी झेल होणारे काही चेंडू बाहेर पडतात. शिवाय वळणारा चेंडू विरळ हवेत कमी वळतो, त्याचाही फायदा फलंदाजालाच.

गोफणगुंडा:
मान्य, पण त्याच हवेत बाकीचे संघही खेळतच होते की. ७२ एकट्याचेच.

जुनीकॅसेट:
दोन किरकोळ गोष्टी. एक्सली करणारा जेसी एल. मार्टिन १९९९च्या सप्टेंबरपासून लॉ अँड ऑर्डर मालिकेमध्ये डिटेक्टिव्ह एड ग्रीन झाला आणि २००८पर्यंत राहिला. ती मालिका बघितलेल्यांना त्याला इथे खळखळून हसताना बघून चमकायला होतं. दुसरी, डॅना स्कलीचं आडनाव ख्रिस कार्टरने डॉजर्सचे समालोचक व्हिन स्कली यांच्यावरून घेतलं. बेसबॉल या मालिकेत पहिल्या भागापासून होताच.

दुसऱ्यांदा बघाल तेव्हा रक्ताचा रंग बघा. आधी ग्लोव्हवर हिरवं, शेवटी डेल्सच्या हातावर काय, ते. एक्सली स्वतः त्याला हात लावू नकोस म्हणून सांगत असतो, कारण त्यांचं रक्त माणसाला घातक. सबटायटल लावूनच बघा, त्या प्रसंगात तो फार हळू बोलतो.