एलियन : रोम्युलस – रूकच्या चेहऱ्याची खरोखर गरज होती का?

प्रश्न – शुक्रतारा

(पुढे कथानकाचे सर्व तपशील आले आहेत. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही, त्यांनी कृपया आधी तो पाहावा.)

१९७९ साली रिडली स्कॉट यांच्या ‘एलियन’ चित्रपटाने सुरू झालेल्या या मालिकेवर माझा फार जीव आहे, पण १९८६ च्या ‘एलियन्स’नंतर तिच्या एकाही भागाने माझे पूर्ण समाधान केले नव्हते. फेदे आल्वारेझ यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘रोम्युलस’ने मात्र सुरुवातीलाच मनाचा ठाव घेतला. जॅक्सन्स स्टार या सूर्यप्रकाश न पोहोचणाऱ्या खाणवसाहतीत रेन नावाची तरुणी कराराचे तास पूर्ण करून जाण्याची परवानगी मागते, तेव्हा तिला सांगण्यात येते की तासांची अट वाढवली असून आता तिची बदली खाणीत झाली आहे. राक्षस पडद्यावर येण्याच्या कितीतरी आधी, त्या एका प्रसंगात, वेलँड-युटानी कंपनीची मला जेवढी भीती वाटली, तेवढी आधीच्या कोणत्याही भागात वाटली नव्हती.

रेन आणि तिने भाऊ मानलेला यंत्रमानव अँडी यांचे नाते हा या चित्रपटाचा प्राण आहे, असे माझे मत आहे. परंतु अवकाशस्थानकावर अर्धवट देहाचा रूक हा यंत्रमानव सापडतो आणि त्याला पहिल्या चित्रपटातील यंत्रमानव अ‍ॅशचा, म्हणजेच २०२० मध्ये निवर्तलेल्या इयन होम यांचा चेहरा दिलेला दिसतो, तेव्हा मी कथेतून पार बाहेर फेकले गेले. त्यांच्या कुटुंबाने संमती दिली होती, हे मला ठाऊक आहे. तरीही मन राजी होत नाही. हा चेहरा कथेची गरज होती, की जुन्या प्रेक्षकांना खूश करण्यासाठी घातलेली भर? या मालिकेवर प्रेम करणाऱ्यांचे मत जाणून घ्यायला आवडेल.

प्रतिसाद – दूरदर्शी

कल्पना म्हणून मला यात काहीच गैर वाटत नाही, कारण एकच चेहरा असलेले अनेक यंत्रमानव हा या मालिकेचा जुनाच नियम आहे. लान्स हेन्रिक्सन ‘एलियन्स’मध्ये बिशप या यंत्रमानवाच्या भूमिकेत होते आणि १९९२ च्या तिसऱ्या भागाच्या शेवटी तोच चेहरा घेऊन कंपनीचा माणूस नायिका रिप्लीसमोर उभा राहतो, पुढे २०१७ च्या ‘कव्हेनंट’मध्ये मायकेल फासबेंडर यांनी डेव्हिड आणि वॉल्टर या दोन्ही भूमिका केल्या. कंपनी यंत्रमानव साच्यातून काढते, तेव्हा अ‍ॅशच्या साच्यातला आणखी एक निघणे कथेच्या दृष्टीने सुसंगतच आहे. शिवाय रूक म्हणजे अ‍ॅश नव्हे. अ‍ॅश आपला हेतू लपवतो, तर रूक कंपनीचे हित उघडपणे सांगतो, आणि हा फरक लेखकांनी विचारपूर्वक केला असावा, असे मला वाटते.

दोष आहे तो कारागिरीत. कळसूत्री बाहुल्यावर संगणकाने चढवलेला चेहरा, विशेषतः ओठांच्या आसपास, चित्रपटगृहात फार कच्चा दिसला. घरी पाहण्याच्या आवृत्तीसाठी दिग्दर्शकाने त्या दृश्यांवर पुन्हा काम करून प्रत्यक्ष बाहुल्याचा भाग वाढवला आहे. आपण चित्रपटगृहातील आवृत्ती पाहिली असेल, तर ही दुसरी अवश्य पाहावी.

प्रतिसाद – खिडकीपाशी

दूरदर्शी यांनी दिलेले दाखले अचूक आहेत, पण तेच त्यांच्या मुद्द्याच्या विरोधात जातात. हेन्रिक्सन आणि फासबेंडर यांनी त्या भूमिका स्वतः उभ्या केल्या; एकच चेहरा असूनही डेव्हिड आणि वॉल्टर वेगळे वाटतात ते नटाने केलेल्या निवडींमुळे. रूकच्या बाबतीत आवाज आणि हावभाव दुसऱ्या नटाचे आहेत आणि होम यांच्या वाट्याला केवळ मुखवटा उरला आहे. कुटुंबाची संमती ही कायद्याची आणि सौजन्याची बाब झाली. त्यातून अभिनय निर्माण होत नाही.

याच चित्रपटात खऱ्या नटाने काय साधता येते, तेही दिसते. अँडी सुरुवातीला अडखळत बोलतो, खांदे पाडून चालतो, रेनला हसवण्यासाठी साधेसुधे विनोद सांगतो, आणि ‘रेनसाठी जे सर्वांत चांगले, ते करणे’ एवढीच आज्ञा पाळतो. रूकच्या शरीरातील चकती त्याच्यात बसवल्यावर अँडी साकारणाऱ्या डेव्हिड जॉन्सन यांची मान ताठ होते, नजर स्थिरावते, बोलण्यातील अडखळ नाहीशी होते आणि आज्ञेत रेनच्या जागी कंपनी येते. चेहरा तोच राहतो, माणूस मात्र बदललेला आपल्याला डोळ्यांनी दिसतो, आणि बहीण ज्या भावाला सांभाळत आली तोच आता तिच्या जिवाचा हिशेब मांडू लागतो. इतके मोठे काम एका जिवंत नटाने केलेले असताना शेजारच्या मेजावर तो मुखवटा बोलत असतो, याचे मला खरोखर वाईट वाटते.

प्रतिसाद – लोहमार्ग

रूकवर खूप चर्चा झाली. मला दुसऱ्या एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. पुढच्या भागाने जुन्या नियमांतून नवा पेच निर्माण करावा, अशी माझी अपेक्षा असते, आणि ‘रोम्युलस’ ती किमान दोनदा पूर्ण करतो. या प्राण्याचे रक्त आम्लासारखे असते आणि ते यानाचे मजले जाळत खाली उतरते, हे आपल्याला १९७९ पासून माहीत आहे; म्हणूनच त्याला गोळी घालणे धोक्याचे. रेन गुरुत्वाकर्षण बंद करून गोळ्या झाडते, रक्त खाली न सांडता हवेत तरंगत राहते आणि मग त्या तरंगत्या आम्लातून अंग चोरत जावे लागते. दुसरा प्रसंग फेसहगरांचा, म्हणजे चेहऱ्याला चिकटणाऱ्या जीवांचा. ते उष्णतेवरून सावज ओळखतात, म्हणून खोलीचे तापमान शरीराइतके वाढवून सर्वांना त्यांच्यामधून शांतपणे चालत जावे लागते, आणि भीतीने शरीर तापले तरी घात होईल ही जाणीव आपलाही श्वास रोखून धरते. हे दोन्ही प्रसंग जुने चित्रपट न पाहिलेल्यालाही कळतात, आणि पाहिलेल्याला दुप्पट आनंद देतात.

याउलट, ‘तिच्यापासून दूर हो’ हे रिप्लीचे ‘एलियन्स’मधील प्रसिद्ध वाक्य अँडीच्या तोंडी घालणे मला अजिबात रुचले नाही. रिप्ली ते न्यूट या लहान मुलीला वाचवताना म्हणते; त्यामागे तिची संपूर्ण कथा उभी असते. अँडीने ते वाक्य कुठेही ऐकलेले नाही, त्यामुळे ते त्याचे न राहता पटकथाकारांचे होते. शेवटचा संकरित जीवही मला अनावश्यक वाटला, कारण १९९७ च्या चौथ्या भागाने तो प्रयोग आधीच केलेला होता.

शुक्रतारा

सर्वांचे मनापासून आभार. एका साच्याचे अनेक यंत्रमानव हा मुद्दा मला पटला आणि रूकचे कथेतील स्थान आता अधिक स्पष्ट झाले. तरीही ‘खिडकीपाशी’ यांनी नट आणि मुखवटा यांत केलेला भेद मला अधिक जवळचा वाटतो. लोहमार्ग यांनी वर्णन केलेल्या तापमानाच्या प्रसंगात कोणाची वाक्ये नाहीत, कोणाचा चेहरा उसना नाही, आणि तो मला या मालिकेतील उत्तम प्रसंगांपैकी एक वाटतो. माझ्या धाकट्या बहिणीने यांपैकी एकही चित्रपट पाहिलेला नाही. तिला आधी १९७९ चा दाखवेन, म्हणजे अ‍ॅशचे खरे रूप उघड होते तो धक्का रूकमुळे हिरावला जाणार नाही, आणि त्यानंतर घरची सुधारित आवृत्ती आम्ही दोघी मिळून पाहू.