ड्रेड स्कॉट खटला : ‘नागरिक’ की ‘रहिवासी’?

प्रश्न : ‘ड्रेड स्कॉट विरुद्ध सँडफर्ड’ (१८५७) या अमेरिकी निकालावर टिपण लिहितो आहे. स्कॉट हा मिसुरी राज्यातला, गुलामगिरीत असलेला माणूस, त्याने स्वातंत्र्यासाठी दावा लावला होता. ‘स्कॉट मिसुरीचा नागरिक नाही’ हे वाक्य खटकते, कारण माणूस तर तिथेच राहत होता. ‘रहिवासी’ म्हणू का?

— नका म्हणू, खटलाच कोसळेल. स्कॉट मिसुरीत राहतो याबद्दल वाद नव्हताच. दोन वेगळ्या राज्यांच्या नागरिकांमधला तंटा असेल तर दावा संघराज्याच्या न्यायालयात चालतो. म्हणून स्कॉटने स्वतःला मिसुरीचा आणि प्रतिवादीला न्यूयॉर्कचा नागरिक म्हटले. प्रतिवादीची हरकत अशी की गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी पूर्वजांचा वंशज नागरिक नाही, सबब न्यायालयाला अधिकारिता, म्हणजे हा दावा ऐकण्याचा अधिकार, नाही. सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी ती उचलून धरली. म्हणजे इथे ‘नागरिक’ याचा अर्थ त्या न्यायालयाची पायरी चढण्याचा हक्क असलेला. जाता जाता, प्रतिवादीचे खरे आडनाव सॅनफर्ड. ‘ड’ छापील अहवालातल्या चुकीने घुसला. खटल्याच्या नावात तो राहू द्या, माणसाच्या नावात नको.

— ‘नागरिक’ ठेवलात तरी कुणाचा, ते प्रत्येक वेळी लिहा. टॉनी यांच्या मते राज्य आपल्यापुरते नागरिकत्व देऊ शकते, संघराज्याचे नाही. आपल्याकडे नागरिकत्व एकच, भारताचे. ‘महाराष्ट्राचा नागरिक’ हे नुसते बोलण्यातले. म्हणून मराठी वाचक इथे हमखास गोंधळतो. विरोधी मत देणारे न्यायमूर्ती कर्टिस यांनी याच सांध्यावर घाव घातला : संघराज्य उभे राहताना न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि नॉर्थ कॅरोलायना या पाच राज्यांत मुक्त काळे पुरुष मतदार होते, मग ते नागरिक नव्हते कसे?

— ‘निकाल’ आणि ‘मत’ यांतही फरक पाळा. निकाल ७ विरुद्ध २, पण नऊही न्यायमूर्तींनी आपापले मत लिहिले. ‘न्यायालय म्हणाले’ लिहिण्याआधी कोण म्हणाले ते बघा. अधिकारिता नाही म्हणून दावा काढून टाकायचा, आणि त्याच दमात १८२० ची मिसुरी तडजोड (काही प्रदेशांत गुलामगिरीला बंदी घालणारा कायदा) घटनाबाह्य ठरवायची, यावर टीकाकारांचा आक्षेप होता : उत्तरार्ध बंधनकारक निर्णय नव्हे, प्रासंगिक मत आहे. माझ्या मते दोन्हींना ‘निवाडा’ म्हणून मोकळे होणे ही आळशी भाषा.

— ‘गुलाम’बद्दल. मूळ अमेरिकी घटनेत तो शब्दच नाही, ‘सेवेला किंवा श्रमाला बांधलेली व्यक्ती’ अशी आडवळणे आहेत. उताऱ्याच्या भाषांतरात तिथे ‘गुलाम’ घालू नका, ती टाळाटाळ दिसली पाहिजे. घटनेत गुलामगिरीचे नाव प्रथम येते ते १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीत, तिच्या बंदीसाठी. मराठीत तर ‘गुलामगिरी’ हाच शब्द हवा. जोतीराव फुल्यांनी त्याच नावाचे १८७३ चे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध झटणाऱ्यांनाच अर्पण केले होते. स्कॉटची बायको हॅरिएट हिच्यासाठी मात्र ‘बटीक’, ‘कुणबीण’ नको, वाचक थेट पेशवाईत जातो.

प्रश्नकर्ता : मग असे चालेल? ‘स्कॉट मिसुरीत राहत असला, तरी घटनेच्या अर्थाने तो त्या राज्याचा नागरिक नाही.’

— चालेल, ‘टॉनी यांच्या मते’ तेवढे जोडा. आणि ‘रहिवासी’ वाया जाणार नाही. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने अमेरिकेत जन्मलेला आणि तिच्या अधिकारितेखालचा माणूस संघराज्याचा नागरिक केला, शिवाय तो ज्या राज्याचा रहिवासी त्या राज्याचाही. तिथे तो शब्द जसाच्या तसा बसतो.