लेव्हेनहूकला जीवाणू दिसले, मग पुढची दोनशे वर्षे कोठे गेली?

जिज्ञासू

नमस्कार. सूक्ष्मजीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील पहिले प्रकरण वाचताना सनावळी पाठ होते, पण तिच्यातील अंतरांचा अर्थ लागत नाही. डेल्फ्टचा कापडव्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहूक याने १६७६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र पाठवून मिरी भिजवलेल्या पाण्यातील अतिसूक्ष्म जिवांचे वर्णन केले. अँथ्रॅक्स हा रोग एका विशिष्ट जीवाणूमुळे होतो, हे रॉबर्ट कॉखने दाखवले ते मात्र १८७६ मध्ये. मधल्या दोनशे वर्षांत नेमके काय अडले होते?

दुसरी शंका अशी की, इटालियन निसर्गअभ्यासक स्पालांझानीने १७६५ च्या सुमारासच मांसरस उकळून आणि काचपात्राचे तोंड वितळवून बंद करून तो नासू दिला नव्हता. मग स्वयंजननाची (निर्जीव पदार्थातून जीव आपोआप निर्माण होतात ही) कल्पना खोडून काढण्याचे श्रेय शंभर वर्षांनी पाश्चरला का मिळते? आणि जीवाणू, बुरशी, आदिजीव व विषाणू यांचे परस्परांशी नाते इतके दूरचे असताना त्यांचा अभ्यास एकाच विषयात का होतो?

काचपट्टी

पहिल्या शंकेपुरते लिहितो. लेव्हेनहूकचे उपकरण आजच्या सूक्ष्मदर्शकासारखे मुळीच नव्हते. पितळेच्या दोन लहान पट्ट्यांमध्ये मण्याएवढे एकच भिंग बसवलेले, त्याच्या समोर एक टोकदार खिळा, त्या टोकावर नमुना आणि नमुना पुढेमागे करण्यासाठी स्क्रू. ते डोळ्याला जवळजवळ चिकटवून उजेडाकडे धरावे लागे. उत्रेख्त येथे जपलेले त्याचे एक भिंग सुमारे २७० पट मोठी प्रतिमा देते. साधारण दोन मायक्रोमीटर लांबीचे जीवाणू, म्हणजे एका मिलिमीटरच्या रांगेत पाचशे मावतील असे, दिसायला तेवढे पुरे होते. रॉबर्ट हूकने १६७७ मध्ये रॉयल सोसायटीच्या सदस्यांना हे जीव दाखवले आणि पत्रातील मजकूर खरा ठरला. तथापि आपली सर्वोत्तम पद्धत लेव्हेनहूकने कोणालाही सांगितली नाही. इतरांच्या हाती असलेल्या अनेक भिंगांच्या सूक्ष्मदर्शकांत प्रतिमेभोवती रंगांची झालर दिसे आणि कडा धूसर होत. हा दोष बऱ्याच अंशी आटोक्यात आला तो जोसेफ जॅक्सन लिस्टर यांच्या १८३० मधील कामामुळे. (ज्या जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये कार्बोलिक आम्ल वापरून जखमा चिघळू न देण्याची पद्धत प्रसिद्ध केली, त्यांचे हे वडील. घराण्याने सूक्ष्मजीवांचा दोन्ही बाजूंनी पिच्छा पुरवला म्हणायचा.)

मात्र सगळा दोष भिंगावर ढकलणे मला पटत नाही. १६८३ च्या पत्रात लेव्हेनहूकने दातांवरच्या किटणातील हालते जीव वर्णिले आहेत, आणि ते निरोगी माणसांच्या तोंडातले, स्वतःच्याही. धडधाकट माणसाच्या तोंडात जे वळवळते ते कोणाचा जीव घेईल, अशी शंका त्या वेळच्या वाचकाला का यावी?

मंदआच

स्पालांझानीबद्दल. त्याचा प्रयोग चोख होता, पण त्यावर घेतलेला आक्षेपही पोरकट नव्हता. विरोधकांचे म्हणणे असे की, इतका वेळ उकळल्याने रसातील उत्पादक शक्ती नष्ट झाली आणि बंद पात्रातील हवाही बिघडली. पुढे प्राणवायूचे महत्त्व कळले आणि १८१० मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅकला अपेरच्या पद्धतीने (बाटली घट्ट बंद करून उकळून) टिकवलेल्या अन्नाच्या बाटल्यांत प्राणवायू आढळला नाही, तेव्हा त्या आक्षेपाला बळच मिळाले.

पाश्चरच्या हंसमानेच्या चंबूचे मोल येथे आहे. त्याची मान लांब आणि वाकडी, पण तोंड उघडे. हवा आत जाते, धूळ मात्र वळणावर अडकते. रस महिनोन्महिने निवळ राहतो, आणि चंबू कलता करून तोच रस वळणापर्यंत नेऊन परत आणला की लवकरच गढूळ होतो. हवा तीच, रसही तोच, फरक फक्त धुळीचा! १८६० मध्ये पाश्चरने आल्प्समधील हिमनदीवर वीस बंद चंबू उघडून पुन्हा मोहोरबंद केले, त्यांपैकी एकच नासला. जुरा डोंगराच्या पायथ्याशी वीसपैकी आठ नासले होते.

पाठ्यपुस्तके येथे थांबतात. गोष्ट मात्र येथेच रंगते. स्वयंजनन मानणारा प्रतिस्पर्धी फेलिक्स पूशे १८६३ मध्ये पिरेनीज पर्वतात गेला, त्यानेही असेच चंबू उघडले आणि त्याचे सगळे नासले. तो अप्रामाणिक नव्हता. पाश्चर साखर घातलेला यीस्टचा अर्क वापरत होता, तर पूशे वाळलेल्या गवताचा काढा. गवतावरील जीवाणूंचे बीजाणू (त्यांची सुप्त, टणक रूपे) साध्या उकळीला दाद देत नाहीत, हे फर्डिनांड कोन याने १८७६ मध्ये दाखवले आणि १८७७ मध्ये जॉन टिंडल याने त्यावर थांबून थांबून तापवण्याचा उपाय काढला: उकळायचे, बीजाणू रुजू द्यायचे, मग पुन्हा उकळायचे. आज ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालील वाफेने १२१ अंश सेल्सिअसला पंधरा मिनिटे ठेवतात, ते याच चिवट बीजाणूंसाठी. त्यामुळे 'एका प्रयोगाने वाद मिटला' हे वाक्य मला खोटे वाटते. पाश्चरचा निष्कर्ष बरोबर होता, पण काढ्याच्या निवडीत नशिबाचाही वाटा होता.

जिज्ञासू

दोघांचेही आभार. पूशेच्या गवताचा उल्लेख माझ्या पुस्तकात कोठेच नाही. पण यातून 'अमुक जीवाणू, अमुक रोग' येथपर्यंत कसे पोहोचायचे? आणि तिसरी शंका अजून तशीच आहे.

वसाहत

दोन्हींचे उत्तर माझ्या मते एकच आहे: शुद्ध संवर्ध, म्हणजे एकाच जातीचे जीवाणू वेगळे करून वाढवणे. द्रव माध्यमात सारे जीवाणू एकमेकांत मिसळलेले असतात. आज गोल दिसले, उद्या दांड्यासारखे, की एकाच जातीने रूप बदलले असे वाटणार; कार्ल नेगेलीसारखे विद्वान तसे मानतही होते. कॉखने प्रथम बटाट्याच्या कापावर आणि नंतर जिलेटिनवर जीवाणू वाढवले. जिलेटिन शरीराच्या तापमानाला पातळ होते आणि काही जीवाणू ते पचवूनही टाकतात. अगार (समुद्रशैवालापासून मिळणारा जेलीसारखा पदार्थ) सुचवला तो कॉखच्या सहकाऱ्याच्या पत्नी फॅनी हेसे यांनी, घरातील जेलीच्या अनुभवावरून. अगार उकळत्या पाण्याच्या आसपास वितळतो, पण घट्ट होतो चाळिशीच्या खाली, म्हणून ३७ अंशांच्या उबवणपेटीत तो टिकून राहतो. कॉखच्या १८८२ च्या क्षयरोगावरील लेखात अगारचा ओझरता उल्लेख आहे, फॅनी यांचा नाही. हे मला कायम खटकते. पेट्रीची झाकणाची बशी १८८७ ची.

पहिल्यांदा रेघाटणी केली तो दिवस आठवतो. तारेचा लूप लालभडक तापवायचा, निववायचा, बशीच्या एका कोपऱ्यात रेघा ओढायच्या, पुन्हा तापवून त्या रेघांतून पुढच्या कोपऱ्यात. दुसऱ्या दिवशी पहिल्या कोपऱ्यात दाट साय असते आणि शेवटच्या रेघेवर सुटे ठिपके, म्हणजे वसाहती. त्यातील प्रत्येक ठिपका म्हणजे एकाच पेशीची संतती. असा एकच जीवाणू सुटा हाती आला की अमुक रोग त्यानेच होतो का, हे तपासता येते.

विषाणू, बुरशी आणि जीवाणू एका छत्राखाली आले ते नात्याने नव्हे, तर निर्जंतुकीकरण, संवर्धन आणि सूक्ष्मदर्शन या समान कसबांमुळे. आर्किया हा जीवाणूंसारख्या दिसणाऱ्या एकपेशीय जिवांचा गट जीवाणूंहून वेगळा असल्याचे कार्ल वूझ यांनी १९७७ मध्ये दाखवले, तरी प्रयोगशाळा तीच राहिली.

काचपट्टी

एक दुरुस्ती. ठिपका एकाच पेशीपासून येतो असे नेहमीच नाही. घोसात राहणाऱ्या स्टॅफिलोकॉकससारख्या जीवाणूंचा अख्खा घोसही एक वसाहत देतो. शिवाय कॉखच्या निकषांनाही (जंतू रोग्यांतच सापडावा, शुद्ध संवर्धात वाढवता यावा, अशा अटींना) मर्यादा आहेत. कॉलऱ्याचे जंतू लक्षणे नसलेल्या माणसांतही सापडतात, आणि हान्सेनने १८७३ मध्ये पाहिलेला कुष्ठरोगाचा जीवाणू कृत्रिम माध्यमावर आजही वाढत नाही.

वसाहत

दुरुस्ती मान्य. म्हणूनच आम्ही मोजणीच्या नोंदीत 'पेशी' न लिहिता 'वसाहत निर्माण करणारे एकक' असे लिहितो. वर मात्र घाईत 'पेशी' लिहून गेलो.