मदत हवी आहे: नाशिकमध्ये नोकरी सांभाळून मानसशास्त्रात पीएच.डी.

गोदाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. एम.ए. मानसशास्त्र, ६१ टक्के, खुला प्रवर्ग. नाशिकरोडला शाळेत समुपदेशक आहे, नोकरी सोडता येणार नाही. पुणे विद्यापीठातून पीएच.डी. करायची आहे.

नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) द्यावी की विद्यापीठाच्या पेटची (पीएच.डी. प्रवेशपरीक्षेची) वाट पाहावी? अर्धवेळ नोंदणी होते का? पीएच.डी. झाल्यावर क्लिनिक काढून रुग्ण बघता येतील का? विषय डोक्यात आहे तो असा: 'किशोरवयीन मुलांवर मोबाईलचा परिणाम'. जाणकारांनी कृपया सांगावे.

द्वारका चौक

क्लिनिकचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरेल. पीएच.डी. ही संशोधनाची पदवी आहे. तिने नावामागे 'डॉ.' लागतं, पण 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणून काम करण्याचा हक्क मिळत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने (आरसीआय) मान्यता दिलेला, रुग्णालयातल्या प्रत्यक्ष कामासह असलेला अभ्यासक्रम आणि परिषदेची नोंदणी लागते. रुग्ण बघणं हेच ध्येय असेल, तर पाच-सहा वर्षं या रांगेत घालवू नका, तिकडची प्रवेशपरीक्षा द्या. संशोधन आणि अध्यापन हवं असेल तर पुढे वाचा.

अर्धवेळ नोंदणी होते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांत तशी तरतूद आहे, पण संस्थेच्या ना-हरकत पत्रावर सगळं अडतं. 'आमची हरकत नाही' एवढ्या एका ओळीचं पत्र चालत नाही. त्यात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: अर्धवेळ पीएच.डी.ला परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी (पीएच.डी.तल्या अभ्यासवर्गांसाठी) कामातून मोकळं केलं जाईल. तिसरं वाक्य मुख्याध्यापक सहज देत नाहीत, त्यामुळे संस्थाचालकांशी आधीच बोलून ठेवा. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं असतं. ते पुण्यात असेल तर सुट्ट्यांचा हिशेब आत्ताच मांडा, नाशिक-पुणे एसटीने जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो.

आपल्याकडे मुक्त विद्यापीठ आहे म्हणून बरेच जण घरबसल्या पीएच.डी.ची चौकशी करतात. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. द्यायला यूजीसीची मनाई आहे. तशी जाहिरात कुणी दाखवली तर एक रुपयाही भरू नका.

नेट द्याच. जून २०२४ पासून नेटच्या निकालात तीन गट असतात: जेआरएफसह (संशोधनाच्या शिष्यवृत्तीसह), सहायक प्राध्यापक व पीएच.डी., आणि फक्त पीएच.डी. दुसऱ्या-तिसऱ्या गटात ७० टक्के भार नेटच्या गुणांना आणि ३० टक्के मुलाखतीला असतो. पीएच.डी. प्रवेशासाठी हे गुण एकच वर्ष चालतात. गुण आले आणि त्या वर्षी गाईडकडे जागाच नसली, की परीक्षा पुन्हा द्यावी लागते. मानसशास्त्राचा विषय क्रमांक ०४. पेपर १ चे ५० आणि पेपर २ चे १०० प्रश्न, वेळ तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. एकही प्रश्न कोरा सोडू नका.

गंगापूर रोड

वरच्या प्रतिसादात भर. माझ्या मते खरी अडचण परीक्षेची नाही, गाईडची आहे. सहायक प्राध्यापकाला एका वेळी ४, सहयोगीला ६ आणि प्राध्यापकाला ८ विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून मान्यताप्राप्त केंद्रांच्या यादीत नाशिक, अहिल्यानगर, पुणे तिन्ही जिल्हे बघा आणि प्रत्येक नावापुढे तीन रकाने करा: रिकाम्या जागा, निवृत्तीचं वर्ष, गेल्या पाच वर्षांतले शोधनिबंध कशावर. तिसरा रकाना कुणी भरत नाही, आणि मग कामगार मानसशास्त्रातल्या गाईडपुढे मुलांच्या झोपेचा विषय जातो.

आता तुमच्या विषयाबद्दल, कारण मुलाखतीत तो टिकणार नाही.

'परिणाम' हा शब्द काढा. एकदा प्रश्नावली भरून घेऊन परिणाम सिद्ध होत नाही, फक्त संबंध दिसतो. मोबाईलमुळे झोप उडते म्हणावं, तर झोप येत नाही म्हणून मुलगा मोबाईल घेतो, असंही असू शकतं. 'किशोरवयीन' आणि 'मोबाईल' दोन्ही फार सैल आहेत. असं करून बघा: 'नाशिक शहरातील मराठी माध्यमाच्या नववीच्या विद्यार्थ्यांमधील झोपेपूर्वीचा मोबाईल वापर आणि झोपेची गुणवत्ता यांतील संबंध'.

नमुना किती, हे पहिल्या पाच मिनिटांत विचारतात. सहसंबंध (दोन गोष्टींतल्या संबंधाचं माप) ०.२ धरला, तर ८० टक्के पॉवर (खरा संबंध असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के सार्थकता पातळीला (नसलेला संबंध दिसण्याची शक्यता) साधारण १९४ मुलं लागतात. बहुतेक जण इथेच थांबतात. पण तुम्ही अख्खे वर्ग घेणार, आणि एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात. वर्गात ३० मुलं आणि वर्गांतर्गत साम्य ०.०५ धरलं तर १ + २९ × ०.०५ = २.४५ ने त्या १९४ ला गुणावं लागतं. म्हणजे सुमारे ४७५ मुलं, १६ वर्ग. गैरहजर आणि अर्धवट फॉर्म धरून साडेपाचशे मुलांपर्यंत पोचायची तयारी हवी.

झोपेसाठी पिट्सबर्ग निर्देशांक (झोपेची गुणवत्ता मोजणारी प्रश्नावली) वापरला जातो. एकूण गुण ० ते २१, आणि जास्त गुण म्हणजे वाईट झोप. विश्लेषणात ही दिशा उलटी धरली की निष्कर्षच उलटे लिहिले जातात. मराठी रूपांतरासाठी मूळ हक्कधारकांची परवानगी, मग मराठीत अनुवाद, दुसऱ्या व्यक्तीकडून पुन्हा इंग्रजीत, आणि दोन्हींची तुलना.

तुमच्या विषयात एक खास खड्डा आहे. 'रात्री अंथरुणात किती वाजता जाता?' असं विचारलंत तर मुलगा १० लिहील. तो साडेअकरापर्यंत पांघरुणात मोबाईल बघतो आणि सहाला उठतो. आठ तासांतले साडेसहा तास झोप, म्हणजे झोपेची कार्यक्षमता ८१ टक्के. 'झोपायचं म्हणून डोळे कधी मिटले?' असं विचारलंत तर तोच मुलगा ११.३० लिहील आणि कार्यक्षमता १०० टक्के येईल. मुलगा तोच, रात्र तीच, फक्त क्रियापद बदललं. पहिल्या प्रश्नात मोबाईलची वेळ झोपेच्या गुणांत आधीच मिसळलेली असते, त्यामुळे संबंध दिसणारच. १५-२० मुलांवर पूर्वचाचणी घेताना प्रत्येकाला 'तू हे काय समजलास?' असं तोंडी विचारा आणि उत्तर शब्दशः लिहून ठेवा.

गोदाकाठ

खूप आभार, क्लिनिकबद्दलचा गैरसमज दूर झाला. मला संशोधनच करायचं आहे. विदा (संशोधनाची माहिती) गोळा करायला माझीच शाळा घेतली तर सोपं पडेल का?

गंगापूर रोड

सोपं पडेल, पण घेऊ नका. ज्या समुपदेशक ताईंकडे मूल मन मोकळं करतं, त्यांनाच ते 'फॉर्म नाही भरणार' असं कसं सांगेल? संशोधनाला मंजुरी देणारी नैतिकता समिती नेमकं हेच विचारते. शिवाय मुख्याध्यापकांची परवानगी म्हणजे पालकांची संमती नव्हे. अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलासाठी पालकांची लेखी संमती हवी आणि मुलाचा स्वतःचा होकार वेगळा. संमतीपत्र मराठीत, एका पानाचं ठेवा. 'फॉर्म भरला नाही तरी गुणांवर फरक पडणार नाही' हे वाक्य वरच्या तीन ओळींतच येऊ द्या. समितीची मंजुरी हातात येईपर्यंत एकही फॉर्म वाटू नका, नंतर घेतलेल्या मंजुरीने आधीची विदा वापरण्याजोगी होत नाही.