मदत हवी आहे: काकांच्या डेस्कटॉपसाठी वायफाय अडॅप्टर कोणता?

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीजवळ गावच्या घरी काकांचा डेस्कटॉप माडीवर आहे आणि राउटर खाली ओटीवर. घर जांभ्याचं, भिंती चांगल्या जाडजूड. फायबरचा प्लॅन १०० एमबीपीएसचा. ओटीवर मोबाइलला जवळजवळ पूर्ण वेग मिळतो, माडीवर मात्र कॉम्प्युटर रडतो. त्याला मागच्या बाजूला नखाएवढा यूएसबी डोंगल लावलाय, तोही वायफायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन बँडपैकी फक्त २.४ वाला. काकांचं काम म्हणजे आंब्याच्या पेट्यांचा हिशोब, बँक आणि रात्री नातवंडांशी व्हिडिओ कॉल. मोबाइलवर बोला म्हटलं तर "त्या टिचभर पडद्यावर मला पोरं दिसत नाहीत" हे उत्तर ठरलेलं.

मशीन: चौथ्या पिढीचा आय-३, एच८१ मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, विंडोज १०. (तिचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, ठाऊक आहे. पुढेमागे लिनक्स टाकायचा विचार आहे, त्यासाठी वेगळा धागा काढेन.) एक पीसीआय एक्सप्रेस एक्स-१ स्लॉट (आत कार्ड बसवायची खाच) रिकामा आहे.

डोक्यात तीन पर्याय आहेत:
१) टीपी-लिंक आर्चर टी२यू प्लस (एसी६००)
२) आर्चर टी३यू प्लस (एसी१३००, यूएसबी ३.०)
३) इंटेल एएक्स२०० चिप असलेलं पीसीआय एक्सप्रेस कार्ड

आणखी एक विचित्र गोष्ट. काका फोटोंची एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावतात तेव्हा नेट हमखास गळपटतं, काढली की सुधारतं. डोंगल खराब झालाय की मदरबोर्ड?

केबल टाका असं कुणीतरी सांगणारच. जांभ्याला भोक पाडायला काकी तयार नाहीत, आणि माडीवरच्या उंदरांनी जुनी टेलिफोनची वायर खाऊन संपवली आहे.

प्रतिसाद:
हार्ड डिस्क निळ्या (म्हणजे यूएसबी ३.०) पोर्टात, डोंगलच्या शेजारीच लावतात ना? मग खराब काहीच नाही. यूएसबी ३.० च्या कामातून निघणारा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पडतो. इंटेलने स्वतःच २०१२ मध्ये यावर टिपण काढलं होतं. डोंगल कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टात लावून बघा, आज रात्रीचा कॉल तरी सुखाने होईल.

एसी६००, एसी१३०० या आकड्यांना फार भुलू नका. ती दोन्ही बँडची बेरीज असते, आणि अडॅप्टर एका वेळी एकाच बँडवर चालतो. एसी६०० म्हणजे २०० अधिक ४३३, एसी१३०० म्हणजे ४०० अधिक ८६७. तुमचा प्लॅनच १०० चा, त्यामुळे कागदावर दोन्ही पुरून उरतात. अडचण भिंतीची आहे. ५ गिगाहर्ट्झ जाड भिंतीपुढे २.४ पेक्षा लवकर मान टाकतो. म्हणून खरेदीआधी मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर जोडून कॉम्प्युटरच्या जागी वेग मोजा. अँड्रॉइड असेल तर तोच मोबाइल वायफायवर ठेवून यूएसबी टेदरिंगने (मोबाइलचं नेट वायरने कॉम्प्युटरला देण्याची सोय) कॉम्प्युटरला जोडा, फुकटात अडॅप्टरची चाचणी होते.

प्रतिसाद:
कार्डाबद्दल. एएक्स२०० चांगली चिप आहे, लिनक्सवरही सहसा त्रास देत नाही. पण एएक्स२०१ किंवा एएक्स२११ चुकूनही घेऊ नका. नाव सारखं वाटतं, तरी ती इंटेलच्या ठरावीक नव्या चिपसेटवरच चालतात, एच८१ वर नाही. ब्लूटूथ हवं असेल तर कार्डाची छोटी वायर मदरबोर्डावरच्या यूएसबी पिनांना जोडावी लागते, दुकानदार ती हमखास विसरतात. आणि अँटेना थेट कार्डाला लावायच्या असतील तर त्या पत्र्याचं कॅबिनेट आणि भिंत यांच्यामध्ये अडकतात. तुमच्या घरात तेच नको आहे. वायरवाल्या, टेबलावर ठेवता येणाऱ्या अँटेना मिळाल्या तरच कार्ड घ्या.

धागाकर्ता:
आभार! डोंगल पुढच्या पोर्टात लावायला सांगितला. हार्ड डिस्क लावूनही कॉल तुटला नाही, काका खूश. पुतण्याने मोबाइलवर वेगही मोजला. टेबलापाशी ५ गिगाहर्ट्झची जेमतेम एक काडी, पण जिन्याच्या तोंडाशी ३५-४० एमबीपीएस. जिना टेबलापासून दोनेक मीटरवर आहे. म्हणजे कार्ड बाद, टी३यू प्लस घेऊन एक्स्टेन्शन वायरने जिन्याच्या कठड्याला बांधू म्हणतो. घरात यूएसबी २.० ची तीन मीटरची वायर पडून आहे, ती चालेल का?

प्रतिसाद:
चालेल. यूएसबी २.० वर ४८० एमबीपीएसची कमाल मर्यादा आहे, १०० च्या प्लॅनला भरपूर झाली, आणि वर तो गोंगाटही टळतो. फक्त एकूण लांबी पाच मीटरच्या वर नेऊ नका. आणि वायर कठड्यावरून उंचावरून न्या, खाली उंदीर आहेतच.