चिडवाचिडवीविरुद्धची मोहीम बिनपैशात कशी चालू ठेवू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, सातवीपर्यंत, पट 86. दोन वर्षांपूर्वी एका संस्थेच्या मदतीने मुलांमधली दादागिरी थांबवायला मोहीम सुरू केली. यंदा त्यांचा निधी आटला. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं अनुदान वीजबिल नि डागडुजीतच संपतं, तेही वेळेवर आलं तर!

भिंतीवर 1098 हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर रंगवलाय. तक्रारपेटी आहे, पण ती मुख्याध्यापकांच्या दारातच, त्यामुळे मुलं बिचकतात. परवा एकच चिठ्ठी निघाली: ‘मला ढोल्या नका म्हणू, नावाने हाक मारा.’ खाली नाव लिहून खोडलेलं.

पोस्टर-भाषणं नकोत, त्यांनी काही होत नाही. सातवीच्या मुलांना मधल्या सुट्टीत धाकट्यांचे पाठराखे करायचा विचार आहे. कुणी केलंय का? तेच दादा झाले तर? आणि शाळा व्यवस्थापन समितीतले पालक सहीपलीकडे कसे गुंतवलेत?